विहिरीचें निदान

येलदरी धरणाचें पाणी परभणीस मिळतें, तरी उन्हाळ्यांत विहीरच आठवते. काळ्या कातळाच्या भेगांतून तिला पाणी लाभतें. त्याच भेगांतून संडास-गटारांचा मळही झिरपतो. गाळ उपसून ब्लीचिंग पावडर टाकली कीं जंतु मरतात. परंतु नायट्रेट जात नाहीं, उकळल्यानें तर तें अधिकच दाट होतें. लिटरमागें ४५ मिलिग्रॅमपेक्षां अधिक नायट्रेट तान्ह्या बालकांस घातक ठरूं शकतें.

राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षांतून ४ वेळां मोजते. तीच शिस्त नगरांनीं गुणपरीक्षेस लावावी. भूजलतज्ज्ञ नेमून मळ कोणत्या बाजूनें येतो तें आधीं शोधावें, मग उपसा करावा. तज्ज्ञाचें वेतन जड वाटेल. पण निदानावांचून केलेला उपसा पुन्हां पुन्हां करावा लागतो, हें सुज्ञ वाचकांनीं आपल्या नगरसेवकांस अवश्य सांगावें.