मांड पक्की, हात हलके

२०२३ मध्ये राज्यगीत आले, आणि तेव्हापासून दरवर्षी वर्गातले एखादे पोर विचारतेच, "बाई, भीमथडीचे तट्टू म्हणजे काय?" खुटबावच्या मुलाने हा प्रश्न विचारावा याची मला गंमत वाटते. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठचा हा आपलाच मुलूख, आणि ते तट्टू इथलेच. बुटके, काटक, थोड्या चाऱ्यावर दिवसभर चालणारे. मलिक अंबरचे आणि पुढे मराठ्यांचे घोडदळ अशाच दख्खनी घोड्यांवर दौडले. आता ही तट्टे दिसतात ती बहुधा धनगरांच्या वाड्याबरोबर, पाठीवर संसार घेऊन. भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र देशी जात म्हणून अलीकडेच नोंदली गेली, हे मात्र मुलांना आवर्जून सांगते.

आपल्या काही घरांत घोडा अजून आहे तो वरातीमुळे. माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलीच्या दारात अशीच एक पांढरी घोडी आहे. मागच्या हिवाळ्यात ही मुलगी घोडीवरून पडली. हाड मोडले नाही, पण धीर मोडला. घोडीला खरारा करी, चारा घाली. पाठीवर बस म्हटले की घरात पळे. तिला पुन्हा बसवले तिच्या दादांनी, म्हणजे आजोबांनी. चार-पाच रविवार मी ते कौतुकाने पाहिले.

रिकीब, लगाम, जीन, तंग हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. उर्दू शिकवताना मला ते सहज हाताशी सापडतात. पण सगळ्यात महत्त्वाचा शब्द अस्सल मराठी आहे: मांड. स्वार घोड्यावर टिकतो तो मांडीवर आणि बैठकीवर. लगाम धरून कोणी टिकत नाही. दादांचे पहिले वाक्य हेच होते, "बेटा, लगाम बोलण्यासाठी असतो, लटकण्यासाठी नाही."

घाबरलेला माणूस काय करतो ते पाहा. श्वास रोखतो, पुढे वाकतो, गुडघे आवळतो, टाचा वर घेतो आणि लगाम खेचतो. आता घोडीच्या बाजूने विचार करा. पायांचा दाब म्हणजे चल, लगामाची ओढ म्हणजे थांब. दोन्ही हुकूम एकदम आले तर तिने ऐकायचे कोणाचे? शिवाय घोडा मुळात शिकार होणारा प्राणी. पाठीवरचे ओझे ताठरले की जवळ काही धोका आहे असेच त्याला वाटते. ती बिचकते, मूल आणखी आवळते, आणि मग व्हायचे ते होते.

म्हणून दादांनी लगाम काढूनच घेतला. घोडीला लांब दोरीवर गोल फिरवायचे, दोरी त्यांच्या हातात. मुलीने फक्त बसायचे. बाजूने पाहिले तर कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत यायला हवे. खुर्चीत बसल्यासारखे पाय पुढे गेले की तोल मागे जातो. वजन दोन्ही बैठकीच्या हाडांवर सारखे, गुडघा सैल, टाच किंचित खाली. रिकीब किती लांब ठेवायची याचेही सोपे माप आहे: बोटांची टोके रिकिबीचा पट्टा जिथे खोगिराला अडकतो तिथे टेकवली, की रिकीब काखेपर्यंत यावी. नवशिक्याला एवढे पुरते. नजर घोडीच्या मानेवर नको, जायचे तिकडे हवी. डोके खाली झुकले की खांदे झुकतात आणि मागोमाग सगळेच.

श्वासाचा उपाय मला फार आवडला. "दुरूद म्हण नाहीतर पाढे म्हण, पण आवाज बाहेर येऊ दे." बोलणाऱ्याला श्वास रोखता येत नाही, इतकी साधी गोष्ट. पोरीने सतराचा पाढा घोडीवरच पाठ केला. मला वर्गात ते जमले नव्हते!

तिसऱ्या रविवारी दुडकी चाल आली. तिच्या दणक्याने नवशिक्याची मांड सुटते. घोडीच्या पावलांच्या तालावर उठबस करायची. ताल सापडला की दणका लागत नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

पडल्यावर लगेच पुन्हा चढवावे, नाहीतर भीती बसते, असे जुने लोक सांगतात. माझे यावर मत वेगळे आहे. डोक्याला मार लागला असेल, भोवळ, उलटी किंवा गोंधळल्यासारखे होत असेल, तर त्या दिवशी घोडा बंद आणि डॉक्टर आधी. बाकी खरचटण्यावर हरकत नाही. शांत घोडीवर, दोरीवर, पाच मिनिटे बसवून उतरवावे.

मुलींच्या कपड्यांवरून घरात वाद होतात. घोळदार सलवार आणि सुटी ओढणी रिकिबीत किंवा तंगात अडकते, म्हणून नकोच. अंगाबरोबर बसणारी चुडीदार, वर लांब कुर्ता, स्कार्फ घट्ट गुंडाळून त्यावर टोप: पडदाही राहतो आणि जीवही. चप्पल कधीच नको. थोडी टाच असलेला बूट हवा, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. "मुलीची जात, घोड्यावर कशाला?" म्हणणाऱ्यांना मी नगरच्या चांदबीबीची चित्रे दाखवते. त्यांत ती घोड्यावर बसून बहिरी ससाणा उडवताना दिसते.

टोपाबद्दल मात्र मला मुलांची जास्त काळजी आहे. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला, आणि आपल्या भागातले घाट पुन्हा गजबजले. घाटात बैलांच्या पुढे घोडी धावते. तिच्यावरचा पोरगा अनेकदा खोगिराशिवाय, रिकिबीशिवाय, उघड्या डोक्याने बसलेला असतो, आणि मागून चार बैल येत असतात. त्याची मांड कितीही पक्की असो, घोडी अडखळली तर डोके जमिनीवर आपटणार. आमच्या ओळखीच्या दोन घरांतली मुले अशी बसतात. यंदा दोन्ही आयांनी गाडामालकांना निरोप पाठवला, घोडेस्वारीचा टोप असेल तरच मुलगा येईल. एका मालकाने टोप आणला. दुसऱ्याचे उत्तर अजून आलेले नाही, आणि मुलगा घरीच आहे.