चाकांवरचं घर आणि आठ हंडे

सध्या आमच्या हापिसात प्रत्येकाला कॅम्परव्हॅन पाहिजे. विकत नाही हो (ईएमआय आधीच घराचा चालू आहे), भाड्याने. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटायचा, चाकांवरचं घर ताब्यात घ्यायचं आणि सोमवारच्या स्टँडअपपर्यंत गायब. जेवणाच्या सुट्टीत यूट्यूबवर ऑस्ट्रेलियाचे व्हिडिओ चालू असतात. लाल माती, सरळसोट रस्ता, मागे समुद्र, आणि गाडीच्या दारात पाय पसरून कॉफी पिणारं जोडपं. मग कुणीतरी विचारतं, "आपल्याकडे असं कुठे जाता येईल रे?" आणि कुणीतरी हमखास सांगतं, "शहापूर-मुरबाड! दोन तासांत जंगल."

उत्तर चुकीचं नाही. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून तर हा भाग आणखीच हाताशी आलाय. माहुली, आजोबा, गोरखगड, सिद्धगड, वर माळशेज. डोळखांबच्या पुढे मोबाइलची रेंज गेली की खरंच कुठेतरी लांब आल्यासारखं वाटतं. पण मार्च ते मे या दिवसांत तिथे कॅम्परव्हॅन न्यायची असेल तर माझं मत सरळ आहे. पाण्याचा शेवटचा थेंबसुद्धा घरून न्या. ते जमत नसेल तर जाऊ नका.

आधी उन्हाचं बघू. एप्रिलमध्ये मुरबाडकडे पारा सहज चाळिशी ओलांडतो. व्हॅन म्हणजे शेवटी पत्र्याची पेटी. त्यात एसी आहे म्हणून सगळे खूश असतात, पण जरा हिशोब करा. बारा व्होल्टची, दोनशे अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर २.४ युनिट वीज. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. म्हणजे दोन-सव्वादोन तासांत थंडावा संपला. पुढची रात्र एकतर इंजिन चालू ठेवून काढायची (आणि सगळ्या पाड्याची झोप मोडायची), नाहीतर घामात लोळायचं. अशा उकाड्यात माणूस काय करतो? दिवसातून तीनदा अंगावर पाणी घेतो. म्हणजे गाडी पुन्हा पाण्यापाशीच येऊन थांबते.

अशा गाडीत साधारण शंभर-सव्वाशे लिटरची टाकी असते. १२० धरा. चार जणांची अंघोळ, भांडी आणि शौचालय एवढ्यात ती एका दिवसात संपते. आता हाच आकडा तिथल्या मापात मोजा. एक हंडा साधारण पंधरा लिटरचा. म्हणजे आपली एक दिवसाची टाकी बरोबर आठ हंड्यांची. एक हंडा डोक्यावर, एक कमरेवर असं धरलं तर चार खेपा. विहीर टेकडीखाली आणि पाडा टेकडीवर, उन्हाळ्यात.

खर्डीच्या बाजूला एका हापशावर मी हे स्वतः पाहिलंय. एक चकचकीत गाडी उभी होती, त्यातली दोन मुलं आळीपाळीने दांडा मारून कॅन भरत होती. बाजूला सहा-सात बायका हंडे घेऊन बसलेल्या. मुलं वाईट नव्हती, त्यांनी रीतसर विचारलंही. त्यातली एक आजी म्हणाली, "भरा ना दादा, पावणे तुमी. आमी मारू अजून एक खेप." मुलं थँक्यू म्हणाली आणि भरत राहिली. माझा सगळा आक्षेप या एका वाक्याशी येऊन थांबतो. तिथे नाही म्हणायची पद्धतच नाही. त्यामुळे "आम्ही विचारूनच घेतलं" या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही.

आणि हे कुठल्या तालुक्यात? तर ज्याच्या जिवावर मुंबई पाणी पिते त्या. १८९२ सालचं तानसा धरण शहापूर तालुक्यात. भातसा तिथेच. मुंबईच्या सात तलावांच्या एकूण साठ्यापैकी जवळपास निम्मा एकट्या भातसाचा आहे. मुरबाडकडे एमआयडीसीचं बारवी धरण, ज्याचं पाणी खाली कारखान्यांना आणि कल्याण-डोंबिवलीपासून नवी मुंबईपर्यंतच्या शहरांना जातं. तरी दर उन्हाळ्यात शहापूरच्या गावापाड्यांना टँकर लागतो. पाऊस कमी म्हणून नव्हे, पाऊस धो धो पडतो. पण खाली काळा कातळ आणि वर उतार, त्यामुळे पाणी मुरतच नाही, वाहून जातं आणि मार्चपर्यंत विहिरी तळाला लागतात. धरणं दरीत, पाडे डोंगरावर. भातसाचं पाणी नदीतून उतरत पिसेपर्यंत जातं, तिथे पंपाने उचललं जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मग आपल्या नळाला येतं. शहराकडे यायला ते शंभर वाटा काढतं, शेजारच्या टेकडीवर चढायला मात्र त्याला कोणी मोटार देत नाही! काही पाड्यांवर आता नळाच्या तोट्या दिसतात, एप्रिलमध्ये त्यांवर टॉवेल वाळत घातलेले असतात.

म्हणूनच घरून टाकी भरून नेण्यात मला काही विचित्र वाटत नाही. मुंबईकराच्या बाबतीत तर ते पाणी दोन दिवस माहेरी जाऊन येतं, एवढंच.

ऑस्ट्रेलियाचे व्हिडिओ बघणाऱ्यांना एक गोष्ट दिसत नाही. नलारबॉरसारख्या रस्त्यावर वाटेतल्या रोडहाऊसमध्ये पेट्रोल मिळतं, पण टाकी भरायला पाणी मिळेल असं धरून शहाणा माणूस निघत नाही. आपलं पाणी आपण न्यायचं, शौचालयाची टाकी ठरलेल्या डंप पॉइंटवरच रिकामी करायची. आपण गाडी उचलली, रील्स उचलली आणि नेमका हा भाग तिथेच ठेवून आलो.

सरकारनं काही केलंच नाही असं नाही. २०२१ मध्ये राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं. गाडी लावायला कॅरॅव्हॅन पार्क आणि तिथे पाणी, वीज, स्वच्छतागृह वगैरे सोयी असाव्यात ही त्यातली कल्पना चांगलीच आहे. फक्त शहापूरसारख्या ठिकाणी त्या पार्कचं पाणी कुठून येणार, हा प्रश्न परवानगीच्या पहिल्या पानावर पाहिजे. गावच्या विहिरीतून, की पावसाळ्यात स्वतः साठवलेल्या तळ्यातून? पहिलं असेल तर पार्क नको.

आपल्या पूर्वजांना हे कळत होतं, असली वाक्यं मी सहसा लिहीत नाही, पण मुरबाडच्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून बघा. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नर आणि पैठणकडे जाणारे बैलांचे तांडे याच वाटेने जायचे. अस्सल कॅरॅव्हॅन! आपण सगळे वरच्या दगडी रांजणापाशी फोटो काढतो (तो जकातीचा असं सांगतात). पण घाटात खडकात खोदलेली पाण्याची टाकी बघा. त्या काळच्या लेखांमध्ये अशा टाक्याला 'पोढी' म्हणतात. ज्यांना वाटसरूंकडून चार नाणी मिळवायची होती त्यांनी आधी वाटसरूंचं पाणी खडकात खोदून ठेवलं. खालच्या गावाच्या हंड्यावर घाट चालला नाही.

"पण पर्यटक आले तर गावाला पैसा मिळतो ना?" हे उत्तर मला प्रत्येक वेळी मिळतं. होमस्टेच्या बाबतीत ते खरं आहे. कुणाच्या ओसरीवर झोपलात, त्यांच्या घरची भाकरी खाल्लीत, वाटाड्या घेतलात तर पैसा तिथे राहतो. कॅम्परव्हॅनची जाहिरातच मुळी अशी की तुम्हाला कुणाची गरज नाही. बिछाना आपला, शेगडी आपली, मॅगी डीमार्टची. गावातून घ्यायचं काय, तर फुकटचं पाणी. हा कसला धंदा?

तरीही मी जाऊच नका म्हणत नाहीये. पौषात म्हशाच्या जत्रेच्या दिवसांत जा, हवा सुंदर असते आणि विहिरीला पाणीही असतं. रात्री गाडीत झोपा, जेवण मात्र गावात विकत घ्या. आणि उन्हाळ्यात जायचंच असेल तर वीस लिटरचे सहा कॅन घरून, अंघोळीला सुट्टी.

राहिला प्रश्न शौचालयाच्या टाकीचा. आमच्या ग्रुपने जानेवारीसाठी तीन भाडेवाल्यांकडे चौकशी केली. टाकी कुठे रिकामी करायची, असं विचारल्यावर दोघांनी "गाडी परत आणा, आमच्याकडे सोय आहे" सांगितलं. तिसरा, सगळ्यात स्वस्त, म्हणाला, "कुठेही सोडा ना साहेब, जंगलच तर आहे." त्याची गाडी आम्ही घेतली नाही.