शब्द विकत घ्यावा की जागा?

जाहिरातीच्या अर्थकारणाची चर्चा बहुधा मोठ्या कंपन्यांच्या कोट्यवधींच्या खर्चापुरती होते. कर्वेनगरात वीस-पंचवीस डब्यांची खानावळ चालविणाऱ्या बाईने महिन्याकाठी बाजूला काढलेले हजार रुपये कोठे घालावेत, हा प्रश्न शास्त्रीय विवेचनाच्या योग्यतेचा कोणास वाटत नाही. वास्तविक कंपनीचा एक लाख वाया गेला तर तो हिशेबाच्या वहीत बुडून जातो. या बाईचे हजार गेले तर त्या महिन्याचा तेलाचा डबा उधारीवर येतो.

पूर्वी तिच्यापुढे फारसे पर्याय नव्हते. पत्रके छापावीत, ती पहाटे वृत्तपत्रांच्या घडीत घालून घ्यावीत आणि वसतिगृहांच्या फाटकाशी एक फलक लावावा. आज जाहिरात मोबाइलच्या पडद्यावर गेली असून तेथे दोन वाटा फुटतात. एक वाट शब्दाची: ‘कर्वेनगर मेस’ असे शोधणाऱ्यापुढेच जाहिरात यावी आणि कोणी तिच्यावर बोट ठेवले तरच पैसे द्यावेत. दुसरी वाट जागेची: विद्यार्थी ज्या संकेतस्थळांवर निकाल, वेळापत्रके, भाड्याच्या खोल्या पाहतात, तेथे जाहिरात मांडावी, मग पाहणाऱ्याच्या मनात त्या क्षणी भूक असो वा नसो.

या दोन वाटांचा झगडा नवा नाही. पडद्यावर एकदम उघडणारी ‘पॉपअप’ जाहिरात जन्मली तीच या झगड्यातून. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रायपॉड या अमेरिकी कंपनीतील ईथन झकरमन यांनी तिची आज्ञावली लिहिली. एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनी संतापली. तेव्हा जाहिरात पानापासून तोडून वेगळ्या खिडकीत टाकण्याची युक्ती निघाली. म्हणजे जागेचा कलंक टाळण्यासाठी शोधलेले हे साधन! २०१४ मध्ये झकरमन यांनी त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. दरम्यान २००४ च्या सुमारास प्रमुख न्याहाळकांनी अशा खिडक्या आपोआप अडविण्यास आरंभ केला होता. शब्दांचा बाजार मात्र फोफावला. १९९८ मध्ये गोटू या कंपनीने शोधशब्दांचा लिलाव सुरू केला. २००० मध्ये गूगलची जाहिरातयोजना आली आणि २००२ पासून तीही लिलावाच्या व प्रतिसादागणिक आकारणीच्या मार्गाने गेली.

लिलाव हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. शब्द शोधणाऱ्याची गरज जागी झालेली असते. म्हणून त्याची किंमत अधिक, हे रास्त दिसते. परंतु एकाच शब्दावर परिसरातील दहा खानावळी आणि घरपोच अन्न पुरविणाऱ्या एकदोन बड्या कंपन्या बोली लावू लागल्या, की प्रत्येकीचा संभाव्य नफा हळूहळू लिलाव करणाऱ्याच्या पेटीत जमा होतो. निव्वळ उदाहरणादाखल, शब्दावरच्या दर प्रतिसादाला २० रुपये पडतात आणि शंभरातील ४ जण डबा लावतात असे मानू. एक गिऱ्हाईक ५०० रुपयांना पडले. जागेवरच्या प्रतिसादाला ५ रुपये आणि शंभरातील एकच जण डबा लावतो असे मानले, तरी उत्तर ५०० रुपयेच येते. सारांश, स्वस्त प्रतिसाद आणि स्वस्त गिऱ्हाईक या दोन भिन्न गोष्टी होत. प्रतिसाद मोजून मिळतात; गिऱ्हाईक कोठून आले हे मात्र बाईलाच विचारून लिहून ठेवावे लागते.

त्यात भाषेची अडचण निराळीच. एकाच अन्नाला कोणी मेस म्हणतो, कोणी खानावळ, कोणी डबा, कोणी टिफिन. आणि बहुतेक जण रोमन लिपीत, मनास येईल तसे लिहितात. ‘कर्वे’ एवढाच शब्द धरला तर कर्वे रस्त्यावरची वर्दळही दारात येते. हिंगणे बुद्रुक हे गावाचे जुने नाव तर बाहेरगावच्या विद्यार्थ्याला ठाऊक असण्याचे कारणच नाही. येथे १९९१ पासून मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचा विस्तीर्ण पसारा आहे. प्रवेशाच्या महिन्यांत नवी माणसे येतात आणि तीच ‘मेस’ शोधतात. उरलेले आठ-नऊ महिने शब्दावर बोली लावून बसणे हे बहुधा आपल्याच जुन्या गिऱ्हाइकाला पुन्हा विकत घेणे ठरते.

हा तर्क केवळ कागदी नाही. ईबे या कंपनीत ब्लेक, नॉस्को व टॅडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त प्रसिद्ध झाले. कंपनीच्या नावाच्या शब्दांवरील सशुल्क जाहिराती बंद केल्या, तेव्हा त्यांतून येणारी ९९.५ टक्के वर्दळ शोधाच्या विनामूल्य दुव्यांवरून तशीच येत राहिली. नव्या व क्वचित खरेदी करणाऱ्या ग्राहकांवर मात्र शब्दजाहिरातींचा परिणाम दिसला. अनोळखी माणसासाठी शब्द घ्यावा, ओळखीच्यासाठी घेऊ नये, एवढा बोध खानावळीलाही पुरेसा आहे.

मात्र आपले नाव शेजाऱ्याने विकत घेतले तर काय करावे? अमेरिकेत लेन्स विकणाऱ्या एका कंपनीच्या संकेतस्थळावर गेले की प्रतिस्पर्ध्याची पॉपअप उघडे. २००५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने त्यात व्यापारचिन्हाचा ‘वापर’ नसल्याचे ठरविले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गूगल व डीआरएस लॉजिस्टिक्स यांच्या वादात भिन्न भूमिका घेतली: शोधशब्द म्हणून चिन्ह वापरणे हा वापरच होय, परंतु तेवढ्यानेच उल्लंघन होत नाही, ग्राहकाची दिशाभूल होते की नाही हे पाहावे लागेल. निर्णय समतोल आहे. पण अशी दिशाभूल सिद्ध करण्यासाठी वकील लागतो, आणि कर्वेनगरच्या खानावळीला तो परवडत नाही. तिला आपल्याच नावावर बोली लावणे भाग पडते. तो जाहिरातीचा खर्च नसून नाक्यावरची पट्टी आहे.

तेव्हा त्या बाईने काय करावे? जून ते ऑगस्ट या काळात पुणे शहरापुरती मर्यादा घालून चार-पाच नेमके शब्द घ्यावेत, रोमन लिपीतील रूपांसह. उरलेले वर्ष पैसे जागेवर ठेवावेत. तेही मध्यस्थ जाळ्याच्या हवाली न करता, पाने स्वतः पाहून निवडावीत. जाळ्यावर सोपविलेली जाहिरात कोणत्या पानावर जाऊन बसेल याचा भरवसा नसतो. ट्रायपॉडच्या मोटार कंपनीची गत छोट्यांचीही होते, फक्त त्यांचा संताप कोणाच्या कानी जात नाही. याउपर सरकारला काही करावयाचे असेलच, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा रोख फसव्या जाहिरातीपासून ग्राहकाला वाचविण्यावर आहे, हे ध्यानात घ्यावे. जाहिरात देणारा हाही या बाजारात एक ग्राहकच आहे, आणि कोणत्या शब्दावर, कोणत्या पानावर त्याचा किती पैसा गेला याचे मराठीत छापलेले, सहज वाचता येईल असे बिल मागण्याचा त्याचा हक्क त्या तत्त्वांइतकाच स्पष्ट शब्दांत लिहिला जावयास हवा.