पाचारण आणि वसतिगृह

ईश्वरी पाचारण म्हणजे आकाशवाणीच, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. आमच्या मते ती चुकीची आहे. आपल्या कळंबपासून जवळच, यवतमाळ येथे, १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली. १९८३ साली ती पुण्यास गेली. अशा विद्यालयात तरुण सेवेचा निश्चय करून जातात. परंतु त्या निश्चयाची कसोटी प्रार्थनामंदिरापेक्षा वसतिगृहातच अधिक लागते. आजारी सोबत्याच्या उशाशी रात्र जागणे, न आवडणाऱ्याच्या पंक्तीस बसणे, हे ज्यास जड जाते त्याने उपदेशक होण्याची घाई करू नये. पालकांसही विनंती की, मुलाने तसा मानस बोलून दाखविल्यास पगाराचा हिशेब मांडून त्यास गप्प करू नये, अथवा कौतुकाने पुढे ढकलूही नये. त्यास अवधी द्यावा. खरे पाचारण विलंबाने विझत नाही.