मीटर ९६ दाखवतोय म्हणजे सगळं ठीक?

मागच्या शनिवारी घरी ‘संध्याकाळी येतो’ असं सांगून निघालो आणि रात्री साडेअकराला परतलो. कारण बायोगॅसचा प्लांट. हसू नका मंडळी, एका मित्राच्या प्लांटसाठी डॅशबोर्ड लिहून देतोय, आणि मोबदल्यात फक्त जेवण मिळतं. (झणझणीत, त्याबद्दल तक्रार नाही.)

प्लांट एका साखर कारखान्याच्या शेजारी. मळीच्या केकपासून गॅस होतो, त्यात साधारण ५५ ते ६० टक्के मिथेन आणि बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. गाडीत भरायचा तर आयएस १६०८७ प्रमाणे किमान ९० टक्के मिथेन हवा. म्हणून गॅस दाबाखाली उंच टॉवरमधून सोडतात. टॉवरमधले दाणे कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतात आणि मिथेन पुढे जातो. दाणे भरले की दुसरा टॉवर चालू, पहिल्याचा दाब उतरवायचा, की धरलेला वायू सुटतो. शाळेत याला ‘अधिशोषण’ म्हणायचे. प्लांटवर सगळे नुसतं ‘मीडिया’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

मी ऑपरेटर काकांना विचारलं, "काका, मीडियाची तब्येत कशी आहे?"

"झ्याक! मीटर बघा की सायेब, ९६ दावतोय."

आणि इथेच माझं डोकं फिरलं. काकांवर नाही, त्यांना हेच शिकवलंय. जुने लॉग काढले. सुरुवातीला एक टॉवर २४० सेकंद चालायचा. आता १७० वर टॉवर बदलतो. शुद्धता घसरली की सेकंद थोडे कमी करायचे, मीटर पुन्हा ९६. दीड वर्षात कोणीतरी हे थोडं थोडं करत गेलं आणि ते कुठेही लिहून ठेवलं नाही.

आपल्या धंद्यातलं उदाहरण देतो. सर्व्हरला मेमरी लीक आहे. आपण काय करतो? रात्री रीस्टार्टचा क्रॉन लावतो. मग दर आठ तासांनी, मग दर दोन तासांनी. अपटाइमचा रिपोर्ट मात्र हिरवागार! तसंच हे. टॉवर बदलताना आतल्या पोकळीत राहिलेल्या मिथेनपैकी बराचसा दाब उतरवताना निघून जातो. तासाला जितके बदल जास्त, तितकं नुकसान जास्त. म्हणजे मीडिया मरत असताना त्याची किंमत शुद्धतेत दिसत नाही, ती मागच्या पाइपातून बाहेर जाते. तिथे मीटरच नाही! या प्लांटवर तो गॅस थेट हवेत सोडतात. १०० वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७ पट वातावरण तापवतो. पर्यावरणाचा बोर्ड गेटवर लावलाय, मोठ्या अक्षरात.

‘मीडिया अमुक वर्षांनी बदला’ हे पुरवठादाराचं गणितही मला पटत नाही. मीडिया कॅलेंडर बघून मरत नाही. ड्रायर बिघडला आणि ओलावा आत आला, किंवा हायड्रोजन सल्फाइड आधी नीट काढला नाही, तर काही आठवड्यांत खालचा थर जातो. सगळं नीट असेल तर तो मुदतीनंतरही चालतो, आणि चांगला माल आपण फेकून देतो. दोन्हीकडून चुना आपल्यालाच.

बरं, मीडिया मुका नाही हो. दाणे वायू धरतात तेव्हा गरम होतात, सोडतात तेव्हा थंड. टॉवरमध्ये तीन-चार उंचींवर थर्मोकपल लावा, दर फेरीत तापमानाची लाट वर चढताना दिसते. खालचा थर निकामी झाला की तिथला चढउतार सपाट होत जातो आणि लाट वरच्या थराकडे सरकते. दाणे चुरून भुकटी झाली की टॉवरच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक वाढतो. आणि फेरीचे सेकंद तर पीएलसीत आधीपासून असतातच! फक्त तिथला स्काडा ३० दिवसांनी जुना डेटा पुसतो. माझ्या हाती दीड वर्षाचा हिशेब लागला तो काकांच्या वहीमुळे, कोणत्याही सॉफ्टवेअरमुळे नाही. लाज वाटली, खरं सांगतो.

कोणी म्हणेल, छोट्या प्लांटला हे लाड कशाला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात २००१पासून असेच झिओलाइटचे दाणे माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड काढतायत. तिथेसुद्धा दाणे चुरले, भुकटी व्हॉल्व्हमध्ये अडकली आणि अंतराळवीरांना पाने घेऊन यंत्र उघडावं लागलं. वीस वर्षांनी, २०२१ साली, सुधारित यंत्र वर पाठवलं. म्हणजे जगातल्या सर्वात हुशार लोकांनाही दाण्यांनी दमवलंय. आपण मात्र एका मीटरवर निर्धास्त!

मित्र म्हणतो, थर्मोकपलसाठी टॉवरला भोकं पाडावी लागतील, प्रेशर व्हेसल आहे, पुन्हा तपासणी आली, प्लांट बंद. मुद्दा बरोबर आहे. म्हणून सध्या बाहेरून पत्र्याला चिकटवलेल्या सेन्सरवर तडजोड झालीये. सिग्नल उशिरा येतो आणि बोथट असतो, पण येतो. सेकंद बदलण्याच्या स्क्रीनवर मी पासवर्ड आणि ‘कारण लिहा’ असा रकाना टाकलाय. काकांनी पहिलं कारण लिहिलं: "९६ व्हईना."