पेट्रोलवरच्या केंद्राच्या करातून राज्यांना नक्की किती मिळतं? संसदेतल्या लेखी उत्तरांमधला हिशोब

नोव्हेंबर 2021. मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडून सहा महिने झाले होते. दिवाळीच्या तोंडावर केंद्र सरकारने उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरमागे 5 आणि डिझेलवर 10 रुपयांनी कमी केलं आणि आता राज्यांनीही व्हॅट कमी करावा, असं सांगितलं. तेव्हापासून सोशल मीडियावर एकच भांडण सुरू होतं: पेट्रोल महाग कोणामुळे, केंद्रामुळे की राज्यामुळे?

या भांडणात एक युक्तिवाद हमखास यायचा. केंद्र जो कर घेतं त्यातले 41 टक्के तर राज्यांनाच परत जातात, मग केंद्राच्या नावाने ओरडण्यात काय अर्थ?

हिवाळी अधिवेशनाच्या दुसऱ्याच दिवशी, 30 नोव्हेंबरला, राज्यसभेत एका प्रश्नाचं लेखी उत्तर आलं. अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी दिलेल्या या उत्तरानुसार 2020-21 या आर्थिक वर्षात पेट्रोल आणि डिझेलवरच्या केंद्रीय उत्पादन शुल्कातून सुमारे 3 लाख 72 हजार कोटी रुपये जमा झाले. त्याच वर्षी केंद्रीय उत्पादन शुल्काच्या रकमेतून राज्यांना वाटले गेले 19,972 कोटी.

भागाकार केला तर हे प्रमाण जेमतेम साडेपाच टक्के भरतं. तेही थोडं जास्तच धरलेलं, कारण 19,972 कोटींमध्ये तंबाखूसारख्या इतर वस्तूंवरच्या उत्पादन शुल्काचाही वाटा आहे.

मग 41 टक्के गेले कुठे?

एक कर, चार नावं

41 टक्क्यांचा आकडा खोटा नाही. 15व्या वित्त आयोगाने केंद्राच्या करांपैकी 41 टक्के राज्यांना द्यावेत अशी शिफारस केली आणि सरकारने ती मान्य केली. अडचण 'केंद्राचे कर' या शब्दांत आहे. संविधानाच्या कलम 270 नुसार केंद्र जे कर राज्यांशी वाटून घेतं, त्यात सेस म्हणजे उपकर आणि सरचार्ज म्हणजे अधिभार धरले जात नाहीत. 2000 साली झालेल्या 80व्या घटनादुरुस्तीने ही चौकट पक्की झाली. म्हणजे कर म्हणून घेतलेल्या 100 रुपयांतले 41 राज्यांना जातात. तेच 100 रुपये सेस म्हणून घेतले तर वाटपात शून्य.

आता पेट्रोलकडे पाहू. नोव्हेंबर 2021 मधल्या कपातीआधी एका लिटरवर केंद्राचा कर 32 रुपये 90 पैसे होता. पंपावर तो एकच आकडा वाटतो, पण त्याचे चार तुकडे होते. मूळ उत्पादन शुल्क 1 रुपया 40 पैसे. विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क 11 रुपये. रस्ते आणि पायाभूत सुविधा सेस 18 रुपये. कृषी पायाभूत सुविधा आणि विकास सेस अडीच रुपये.

यातला फक्त पहिला तुकडा राज्यांशी वाटला जातो. 1 रुपया 40 पैशांचे 41 टक्के म्हणजे साधारण 57 पैसे, तेही सगळ्या राज्यांना मिळून. 15व्या वित्त आयोगाच्या सूत्रात महाराष्ट्राचा हिस्सा 6.317 टक्के होता. त्या हिशोबाने लिटरमागे महाराष्ट्राच्या तिजोरीत येणारी रक्कम साडेतीन पैशांच्या आसपास भरते.

32 रुपये 90 पैशांमधले साडेतीन पैसे!

दर तोच, वाटा निम्मा

ही रचना एका दिवसात झालेली नाही. यातला सगळ्यात सहज नजरेआड गेलेला बदल 1 फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पातला आहे. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी त्या दिवशी पेट्रोलवर अडीच आणि डिझेलवर 4 रुपये कृषी सेस जाहीर केला. सोबतच ग्राहकावर अतिरिक्त बोजा पडणार नाही, असं सांगितलं. ते खरंही होतं. पंपावरचा दर या बदलामुळे वाढला नाही, कारण तेवढ्याच प्रमाणात इतर शुल्कं कमी केली होती.

पण कमी काय केलं? पेट्रोलवरचं मूळ उत्पादन शुल्क 2 रुपये 98 पैशांवरून 1 रुपया 40 पैसे झालं. डिझेलवरचं 4 रुपये 83 पैशांवरून 1 रुपया 80 पैसे. विशेष शुल्कातही एकेक रुपया कमी झाला, पण तो राज्यांशी वाटला जात नव्हताच. म्हणजे वाटपाला पात्र असलेला तुकडा पेट्रोलमध्ये निम्म्याहून लहान झाला, डिझेलमध्ये त्याहूनही, आणि त्याची जागा वाटपात न येणाऱ्या सेसने घेतली. दुसऱ्या दिवशी लोकांना विचारायचं होतं ते एवढंच की, पेट्रोल महागणार का? उत्तर 'नाही' असल्यामुळे विषय तिथेच संपला.

त्याआधीचं वर्ष तर आणखी महत्त्वाचं. 2020 मध्ये कोरोनामुळे जगभरात कच्च्या तेलाचे भाव कोसळले. तेव्हा केंद्राने मार्चमध्ये पेट्रोल-डिझेलवरचा कर लिटरमागे 3 रुपयांनी आणि मे महिन्यात पेट्रोलवर 10, डिझेलवर 13 रुपयांनी वाढवला. ही वाढही सेस आणि विशेष शुल्काच्या खात्यातच गेली. 14 डिसेंबर 2021 ला स्वतः सीतारामन यांनी राज्यसभेत दिलेल्या लेखी उत्तरात त्याचा परिणाम दिसतो. पेट्रोल-डिझेलवरच्या उत्पादन शुल्कातून 2018-19 मध्ये 2 लाख 10 हजार 282 कोटी, 2019-20 मध्ये 2 लाख 19 हजार 750 कोटी आणि 2020-21 मध्ये 3 लाख 71 हजार 908 कोटी रुपये मिळाले. लॉकडाऊनच्या वर्षात गाड्या घरात उभ्या असताना वसुली जवळपास 70 टक्क्यांनी वाढली होती.

'माझ्या हातात काही नाही'

दोन वर्षांनी हाच मुद्दा लोकसभेत वेगळ्या रूपात आला. 5 फेब्रुवारी 2024, सोमवार. (अर्थ खात्याचे प्रश्न लोकसभेत साधारणपणे सोमवारी आणि राज्यसभेत मंगळवारी येतात. वरची दोन्ही उत्तरं मंगळवारचीच आहेत.) कर्नाटकच्या काँग्रेस सरकारने करवाटपातल्या अन्यायाविरोधात दिल्लीत आंदोलन जाहीर केलं होतं. अधीर रंजन चौधरी यांनी प्रश्नोत्तराच्या तासात कर्नाटकशी भेदभाव होत असल्याचा मुद्दा काढला.

सीतारामन यांच्या उत्तराचा आशय असा होता: कोणत्या राज्याला किती द्यायचं हे वित्त आयोग ठरवतो. एखादं राज्य आवडतं किंवा आवडत नाही म्हणून त्यात बदल करण्याचा अधिकार अर्थमंत्र्यांना नाही. भेदभावाचा आरोप राजकीय हेतूने केला जातोय.

नियमाच्या दृष्टीने हे उत्तर बरोबर आहे. टक्केवारी आयोगाची, राज्यांमधल्या वाटपाचं सूत्रही आयोगाचं. अर्थमंत्र्यांना कर्नाटकचा वाटा एका टक्क्यानेही हलवता येत नाही.

पण वित्त आयोग वाटा ठरवतो तो वाटपाच्या निधीतला. त्या निधीत किती पैसे येणार, हे तो ठरवत नाही. कर म्हणून किती गोळा करायचं आणि सेस म्हणून किती, हा निर्णय अर्थसंकल्पातून होतो, म्हणजे अर्थमंत्रालयाचा आणि संसदेच्या बहुमताचा. केंद्राच्या एकूण करउत्पन्नात सेस आणि अधिभाराचा वाटा 2011-12 मध्ये 10 टक्क्यांच्या आसपास होता. 2020-21 पर्यंत तो 20 टक्क्यांच्या आसपास पोहोचला. 'भेदभाव केला का' या प्रश्नाला 'नाही' हे खरं उत्तर देता येतं. 'निधी लहान का झाला' या प्रश्नाला ते देता येत नाही. खासदार अनेकदा पहिलाच प्रश्न विचारतात, कारण तो टीव्हीवर चांगला दिसतो.

केंद्राची बाजू काय?

ती दुबळी नाही. 14व्या वित्त आयोगाने 2015 मध्ये राज्यांचा वाटा 32 वरून एकदम 42 टक्के केला. जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यावर तो 41 झाला. संरक्षणाचा आणि कर्जावरच्या व्याजाचा बोजा केंद्राकडेच राहिला. शिवाय सेसचा पैसा शेवटी राज्यांमध्येच खर्च होतो, असं सरकार सांगतं. रस्ते सेसमधून महामार्ग होतात, राज्यांच्या रस्त्यांनाही निधी मिळतो, शिक्षण आणि आरोग्य सेसमधून शाळा आणि दवाखान्यांच्या योजना चालतात.

फरक पडतो तो पैसा कोणत्या वाटेने येतो यावर. वाटपातून आलेला पैसा राज्य हवा तिथे वापरू शकतं: दुष्काळात टँकरला, एसटीच्या तोट्याला, रखडलेल्या शिष्यवृत्तीला. योजनेतून आलेला पैसा त्या योजनेलाच लावावा लागतो, आणि केंद्र-राज्य 60:40 अशा योजनेत राज्याला आधी स्वतःचे 40 घालावे लागतात. ज्याच्याकडे 40 नाहीत, त्याचे 60 अडकतात.

आणि सेस ज्या कारणासाठी घेतला, त्यासाठीच वापरला जातो का? 'कॅग'ने 2018-19 च्या हिशोबांवरच्या अहवालात नोंदवलं की त्या वर्षी 35 प्रकारच्या सेस आणि आकारणीतून 2 लाख 74 हजार 592 कोटी रुपये आले, पण त्यासाठीच्या राखीव निधींमध्ये 1 लाख 64 हजार 322 कोटीच जमा झाले. हा अहवाल सप्टेंबर 2020 मध्ये संसदेत मांडला गेला.

राज्यंही फार साळसूद नाहीत. 2021 मध्ये मुंबईत पेट्रोलवर 26 टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे 10 रुपये 12 पैसे अतिरिक्त कर होता. देशातल्या सगळ्यात चढ्या दरांपैकी तो एक. केंद्राने सेसची वाट धरली, महाराष्ट्राने व्हॅटवर जादा रुपये लावायची. दोन्हीचं बिल पंपावर एकाच माणसाने भरलं.

कपातीचाही हिशोब वेगळाच

21 मे 2022 ला केंद्राने पुन्हा पेट्रोलवर 8 आणि डिझेलवर 6 रुपये कमी केले. माजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी आधी टीका केली की याचा फटका राज्यांच्या वाट्याला बसेल. दुसऱ्या दिवशी सीतारामन यांनी खुलासा केला: कपात पूर्णपणे रस्ते सेसमधली आहे, तो वाटला जातच नाही, त्यामुळे सगळा भार केंद्राचा. हा भार वर्षाला सुमारे 1 लाख कोटी रुपये असल्याचं त्यांनी सांगितलं. चिदंबरम यांनी आपलं विधान दुरुस्त केलं.

सीतारामन यांचं म्हणणं खरं होतं. पण त्याच खुलाशाने आधीची बाजूही स्पष्ट केली. कपातीचा फटका राज्यांच्या वाट्याला बसला नाही, कारण दर वाढताना त्यात राज्यांचा वाटा नव्हताच. माजी अर्थमंत्र्याचीही पहिल्या फटक्यात गफलत व्हावी इतकी ही रचना गुंतागुंतीची आहे, तर पंपावर रांगेत उभ्या असलेल्या माणसाचं काय?

ही उत्तरं वाचायची कशी?

संसदेत दोन प्रकारचे प्रश्न असतात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. लोकसभेत दिवसाला असे 20 प्रश्न यादीत असतात, पण तासाभरात त्यातले थोडेच होतात. अतारांकित प्रश्नांची उत्तरं फक्त लेखी असतात, लोकसभेत दिवसाला 230 पर्यंत. गाजतात पहिली. आकडे बहुतेक वेळा दुसऱ्यांत सापडतात, आणि ती संसदेच्या वेबसाइटवर कोणालाही मोफत वाचता येतात.

करवाटपाचं उत्तर वाचताना काही शब्दांवर नजर ठेवली तरी बरंच कळतं. 'एकूण करउत्पन्न' म्हटलंय की 'वाटपयोग्य निधी'? राज्यांना 'हस्तांतरित' म्हटलंय की करांचा 'वाटा'? पहिल्यात योजनांचा पैसा, अनुदान आणि कधी कर्जही मिसळलेलं असतं. त्यामुळे एकाच वर्षासाठी दोन आकडे फिरताना दिसतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

16व्या वित्त आयोगासमोर अनेक राज्यांनी सेस आणि अधिभारावर मर्यादा घालण्याची मागणी केली होती. राज्यांचा वाटा 2026 नंतरही 41 टक्केच राहिला. दरम्यान, डिसेंबर 2025 मध्ये संसदेने पान मसाल्यावर आरोग्य आणि राष्ट्रीय सुरक्षेसाठी आणखी एक सेस मंजूर केला. यात राज्यांना काय, असा सवाल तेव्हाही होता. त्यावर सीतारामन यांनी सांगितलं की यातला काही भाग आरोग्यविषयक योजनांमधून राज्यांना दिला जाईल. किती भाग, कोणत्या सूत्राने, हे कलम 270 मध्ये बसत नाही. ते दर वर्षीच्या अर्थसंकल्पात ठरेल.