दुसरा पंचनामा हवा
सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्रा बागांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली की एकाच माऱ्यात दोन बहार जातात: तोडणीला आलेला मृग आणि नुकताच फुललेला आंबिया. पटवाऱ्याची पाहणी खाली पडलेल्या सड्यावरच थांबली, तर झाडावरचे डागी फळ कागदावर शाबूत राहते. पुढे ते सडते, नाहीतर व्यापारी मातीमोल भावात मागतो. केंद्राच्या २०२२-२६ च्या आपत्ती-मदत निकषांत बहुवार्षिक पिकांना हेक्टरी २२,५०० रुपये, तेही ३३ टक्के नुकसान असेल तर आणि दोन हेक्टरांपर्यंतच. मध्य प्रदेशचे महसुली मदतीचे ६-४ परिपत्रक २५ टक्क्यांपासून दार उघडते, एवढे बरे; पण डागी फळ मोजलेच नाही, तर तो टक्काही गाठणे कठीण. पांढुर्णा २०२३ पासून छिंदवाड्यातून वेगळा झालेला स्वतंत्र जिल्हा आहे. त्यामुळे आता छिंदवाड्याकडे बोट दाखवायची सोय उरलेली नाही. गारपिटीनंतर पंधरा दिवसांनी दुसरा पंचनामा कलेक्टरांनी सक्तीचा करावा.